बाहेरच्या वळणानं येणारी

नॉर्वेतल्या त्या उघड्या मैदानावर ऊन पडलं होतं, तरी बर्फ टिकून होता. खालच्या नळ्यांतून गारवा फिरवणारं यंत्र सारखं घुमत होतं. माझी नात सई स्केटिंगच्या शर्यतीत उतरली होती. एका वेळी दोघीच धावतात, आणि दर फेरीला लेन बदलतात. आतली बाहेर जाते, बाहेरची आत येते.

नेमक्या लेन बदलायच्या जागी दोघी एकदम आल्या. पायांत धारदार पाती. मी शालीचं टोक मुठीत आवळलं.

"अहो, आदळतील त्या!"

"नाही आई, सई थांबेल," शेजारी बसलेले जावई म्हणाले. "बाहेरच्या वळणानं येणारीला आधी जाऊ द्यायचं, असा नियमच आहे. तिला लांबचा फेरा पडलेला असतो ना!"

सईनं वेग आवरला. दुसरी तिच्या पुढून सपकन निघून गेली. माझी मूठ मात्र सुटेना.

आमच्या आईचं आजारपण माझ्या थोरल्या बहिणीनं एकटीनं काढलं. मी सणावारी जाऊन येत असे. तेराव्यानंतर आईचा दागिन्यांचा डबा उघडला, तेव्हा पाटल्यांना पहिला हात मी घातला. ताई बाजूला सरकली.

शालीखाली त्या पाटल्या आज मनगटाला गार लागत होत्या.