नानांचं गाणं आणि आमची म्हैस

आमच्या म्हशीचं दूध माझ्यामुळे आटलं.

माझे सासरे, नाना, काष्टीजवळच्या आमच्या वस्तीवर रोज सकाळी धार काढताना गातात. शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, सूर कुणाचाच नाही. पण म्हैस डोळे मिटून रवंथ करायची आणि नाना दिवसभर खुशीत असायचे. मी शाळेत शिक्षिका. नुकतीच ‘प्रेरणा’ या विषयाचं प्रशिक्षण घेऊन आले होते. (‘आतून येणारी प्रेरणा’ चालू असताना नेमका माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा बाई सांगत होत्या, “कौतुक करा!” तेवढं लक्षात राहिलं.)

मी गुपचूप नानांचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. लोकांनी बदामांचा पाऊस पाडला!

“हे लाल लाल काय हाय?” नानांनी विचारलं.

“बदाम. लोकांना तुमचं गाणं आवडलं.”

“आसं व्हय!”

दुसऱ्या दिवशी नाना फेटा बांधून धार काढायला आले. मग इस्त्रीचा सदरा आला. मग अत्तर! म्हशीनं वास घेतला, कुणी परका पाहुणा आल्यासारखं बघितलं आणि पान्हा चोरला. नानांना पत्ताच नाही. ते मोबाईलकडे बघून गात होते आणि जी काही थोडी धार येत होती तीही बादलीच्या बाहेर पडत होती.

“आज किती बदाम?” जेवताना हा एकच प्रश्न. बदाम जास्त असले तर भाकरी जास्त, कमी असले तर ताट बाजूला. त्यात व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, ‘आजोबा, मुक्या जनावराला त्रास देऊ नका.’ नानांनी गाणंच बंद केलं. गोठ्यात नुसते बसून राहायचे. दूध चहापुरतं उरलं.

“नाना, लोकांचं सोडा. स्वतःच्या आनंदासाठी गा,” मी म्हणाले.

“तेच करू बघतोय पोरी. पर आधी कसं गायचो, तेच आठवंना.”

यावर मात्र मला हसू आलं नाही.

“येडंवाकडं का हुईना, झकास गात हुते,” सासूबाई कडाडल्या. “तू शानं केलंस त्यास्नी!”

मग मी बक्षीस ठेवलं. गाणं म्हटलं की पेढा! नानांनी गाणी आखूड केली. शेवटी तर नुसतं “अगं माझे...” म्हणायचे आणि हात पुढे!

एका सकाळी मी मोबाईल गव्हाणीवर ठेवला आणि पेढ्यांचा पुडा उघडला. कागदाच्या खरखरीनं म्हैस उधळली. बादली, पेढे आणि मोबाईल, सगळं शेणात! तिचा पाय दाव्यात अडकला. नाना घाबरून खाली बसले, दावं सोडवलं, पाय चोळू लागले आणि चोळता चोळता आपोआप गुणगुणू लागले. तीच चाल, तोच नसलेला सूर. म्हशीनं डोळे मिटले. सासूबाईंनी बादली धुऊन पुढे सरकवली आणि चर्र चर्र धार लागली.

मला इतकं भरून आलं की मी टाळ्या वाजवल्या.

नाना थांबले. वळून म्हणाले, “कसं झालं?”

म्हशीनं त्याच क्षणी पान्हा चोरला.

“सूनबाई,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “धारेच्या टायमाला तू देवळात जात जा.”

आता मी रोज जाते. इकडे दूध पूर्ववत, नाना खुशीत. तिकडे देवळात बायका म्हणतात, “मॅडमला किती भक्ती!” त्यामुळे मी हल्ली जरा लवकरच निघते, आणि सगळ्यांना दिसेल अशी पुढे बसते.