खासबागेतली जर्मन सून

मुलांनो, महायुद्धाच्या काळात बेळगावच्या पोलीस कचेरीत मला एकदा दुभाषी म्हणून बोलावलं होतं. समोर खासबागेत राहणारी एक जर्मन बाई बसली होती. आपला डॉक्टर नवरा फौजेत आहे, असं ती म्हणे. नवरा खरोखर इथला असेल, तर लग्नामुळे तीही इंग्रज सरकारची प्रजा ठरणार होती. नसेल, तर शत्रूची बाई म्हणून तिची रवानगी छावणीत होणार होती.

दुभाष्याची गरजच पडली नाही, इतकं तिचं मराठी पक्कं होतं. ठसठशीत कुंकू, हिरवा चुडा, घडोघडी सावरलेला पदर. मला ते सगळं सोंग वाटलं.

"आक्का, नवऱ्याचं नाव सांगा," फौजदार म्हणाले.

तिने नुसताच पदर सावरला.

"नवरा हाय तरी का?"

मलाही तीच शंका होती.

"हाय की! पर नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी हुतंय, सासूबाई म्हणत्यात. आन् ते लढाईवर हाईत."

मी कागद पुढे सरकवला. तिने टाक उचलला आणि थांबून मलाच विचारलं, "लिवलं तर चालतंय न्हवं?"

"चालतं," मी ठामपणे सांगितलं. खरंच चालतं का, हे मला आजही ठाऊक नाही.