गाळलेला धडा

हे घरात कोणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही, बापाला तर नाहीच. तो अजूनही बोरी अरबच्या बाजारात भेटेल त्याला सांगतो, आमचा पोरगा साहेबलोकांना कॉम्प्युटर शिकवते. तुम्हाला सांगतोय. काहून, ते विचारू नका. मलाच नीट माहीत नाही.

तांड्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. याचा गर्व होता, अजून आहे. वणीकडच्या एका कोळसा खाणीचा सगळा कारभार नव्या सॉफ्टवेअरवर गेला, तेव्हा तिथल्या लोकांचं ट्रेनिंग आखायचं काम माझ्याकडे आलं. कोणाला काय शिकवायचं, आधी काय, नंतर काय — मीच ठरवलं. स्क्रीनचे फोटो टाकून मराठीत पुस्तिका लिहिली. चांगली होती ती. फक्त एक धडा तिच्यात नव्हता.

चुकलेली नोंद दुरुस्त कशी करायची, हा तो धडा. सॉफ्टवेअरवाल्यांनी आम्हा ट्रेनरांना तो ऑनलाइन दाखवला, इंग्रजीत, भराभर. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. समजलं काहीच नव्हतं. एक फोन करायला काय झालं होतं? पण 'मला समजलं नाही' एवढं तोंडातून निघेना — आणि मी तो धडाच गाळून टाकला.

खाणीचं सामान ठेवणाऱ्या स्टोअरच्या लोकांच्या वर्गात लीलाताई होत्या. नवरा खाणीतल्या अपघातात गेला, त्याच्या जागी लागलेल्या. मला मास्तर म्हणून चिडवायच्या, जेवताना डब्यातली जवसाची चटणी पुढे सरकवायच्या. त्यांनीच विचारलं, "मास्तर, अन् चुकलं त वापस कसं घ्याचं?"

मी म्हणालो, "ताई, चुकायचंच नाही."

वर्ग हसला. त्याही हसल्या. "मानसं आहो मास्तर, चुकनच कोनी," म्हणाल्या आणि वहीत बघू लागल्या.

चुकलंच. कामगारांसाठी आलेले बूट नोंदवताना त्यांच्या हातून एक शून्य जास्त पडलं. रॅकवर थोडे बूट, स्क्रीनवर ढीगभर. परत घेता येईना, म्हणून त्यांनी आपल्या डोक्याने रस्ता काढला — जास्तीचे बूट कामगारांच्या नावावर वाटल्याचं दाखवून आकडा जुळवला. माल आत घ्यायचा, माल बाहेर द्यायचा. मी शिकवलं होतं तेवढ्यातच भागवलं त्यांनी. मग तपासणीत कामगार म्हणाले, आम्हाला बूट मिळालेच नाहीत.

चौकशी एकाच गोष्टीवर येऊन थांबली. शून्य चुकून पडलं, हे साहेबांनी मानलं. पण दुरुस्ती शिकवलेली असूनही बाईंनी खोटं वाटप दाखवलं असेल, तर ती लबाडी. शिकवलीच नसेल, तर दोष ट्रेनिंगचा. मला बोलावलं. शिकवली होती का?

"हो," मी म्हणालो. "पुस्तिकेत नाही, पण तोंडी शिकवली होती."

लीलाताई समोरच बसलेल्या. वाटलं, आता भांडतील. भांडल्या असत्या तर — तर काय? मी खरं बोललो असतो का? नसतो. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, मग साहेबांना म्हणाल्या, "मास्तर म्हन्तेत त शिकोलंच असन. माह्याच ध्यानात नसन राह्यलं."

लीलाताईंचं स्टोअर सुटलं. रेल्वेच्या डब्यांत कोळसा भरतात त्या सायडिंगवर झाडू आला हातात. लोक बूटवाली म्हणू लागले. तो धडा मी नंतर शिकलो — सोपा निघाला, चहा संपायच्या आत समजला. आता प्रत्येक ट्रेनिंगमध्ये तोच आधी घेतो, आणि लोक वाखाणतात.

मध्ये राजूरच्या फाट्यावर त्या दिसल्या, कोळशाच्या धुळीने काळ्या झालेल्या. मोबाइल दुसऱ्या बाईच्या हातात देऊन फोन लावून मागत होत्या. मला पाहून ओशाळल्यासारखं हसल्या. म्हणाल्या, "आता काहीच ध्यानात नाही राहत, मास्तर."

शिकवलेलं सगळं त्यांच्या ध्यानात होतं. तो धडा मी शिकवलाच नव्हता.