सुखदेवची न मोजलेली पाठ

मी माझ्या धाकट्या भावाला, सुखदेवला, खोटं पाडलं. तेही कागद दाखवून.

तुमसर रोडहून आम्ही दोघं भिलाईला निघालो, तेव्हा आईनं रेल्वेच्या डब्याच्या खिडकीतून मुरमुऱ्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "त्याले एकटा टाकू नको, बापा." पुढं मी जुन्या पाइपांचा धंदा उभा केला. भावतावात मला कोणी हरवलं नाही, कारण नुसतं बाहेरून पाहून मी पाइप कधी घेतलाच नाही. व्हर्नियरची मोजपट्टी आत घालायचो, आतली जागा मोजायचो, मगच तोंड उघडायचो.

सुखदेव माझ्याकडेच कामाला होता. शंभर पावलं चालला की उकिडवा बसायचा. "दादा, पाय बधिर होऊन राहिले." पण सायकलवर हाच माणूस दुर्गला जाऊन यायचा. मी मजुरांसमोर म्हणायचो, "सायकलवर बरे चालतेत रे तुझे पाय. कामाचं नाव काढलं का मरतेत." सगळे हसायचे. तोही हसायचा.

शेवटी एमआरआय केला. रिपोर्टात होतं, गादी सरकलेली नाही, मणके ठीक. तो कागद मी पाइप तोलायच्या काट्याजवळ उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. फोनवर आईलाही. कामचोर हा शब्द गावात मीच पोचवला. सुखदेव त्याच आठवड्यात गावी परत गेला. जाताना एवढंच म्हणाला, "तू म्हणशील तसं, दादा."

यंदा माझेच पाय बधिर व्हायला लागले. नेहरू नगरच्या घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दोनदा बसावं लागतं. रायपूरच्या डॉक्टरीणबाईंनी माझा एमआरआय पडद्यावर घेऊन, रेघ ओढून कण्यातली नळी मिलिमीटरमध्ये मोजली. म्हणाल्या, ही जन्मापासूनच अरुंद आहे. पुढं वाकलं की जागा थोडी मोकळी होते, म्हणून सायकल चालवता येते. मग विचारलं, "घर में और किसी को है?"

सुखदेवची जुनी फिल्म कपाटातून काढून नेली. त्यांनी तीही मोजली. माझ्याहून अरुंद. सगळ्याच मणक्यांत सारखी अरुंद, म्हणून नजरेला काही खटकलं नव्हतं.

मी फोन केला. त्याचं उजवं पाऊल आता उचललं जात नाही. ऑपरेशन लवकर करायला हवं, असं बाई म्हणतात, हे मी सांगितलं आणि त्याला इकडं बोलावलं. तो म्हणाला, "कामचोराले कोन बलावते, दादा?" वर म्हणाला, "तू तं पाइपही मोजल्याबिगर घेत नव्हता."

आई गेली ती माझंच खरं धरून.

गावातल्या आणि इकडं आलेल्या माझ्या माणसांनो, माझ्या तोंडून ऐकलेला तो शब्द टाकून द्या. रिपोर्टावर ज्यानं सही केली, त्याला मी विचारणारच आहे, पट्टी हाताशी असून मोजलं कावून नाही. पण मी भावाला कावून नाही मोजलं, हे त्याला विचारता येणार नाही. सुखदेव, तू ये. तुझी खाट रिकामी आहे तोवर या घराला मी घर म्हणत नाही. त्याच काट्याजवळ, त्याच मजुरांसमोर, मला जाब विचार.