सात्यांची जागा

आमच्याकडं सात्यांची जागा कुणाला सांगत नाहीत. श्रावणात विजा कडाडल्या की वारुळाजवळ या पांढऱ्या अळंब्या उगवतात. सकाळी लवकर जाऊन गुपचूप आणायच्या आणि कुणी विचारलंच तर 'मिळाल्या कुठंतरी' म्हणायचं. माझी जागा मी सख्ख्या बहिणीलाही सांगितली नाही. सांगितली फक्त मैत्रिणीला. सेनगावात आम्ही एकाच शाळेत शिकवतो, एकाच गल्लीत राहतो, आणि रविवारी माळावर किडे-अळंब्या ओळखत हिंडायचं खूळही दोघींचंच.

यंदा त्यात तिसरी आली. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई, नव्यानं बदलून आलेल्या. मोबाईलला चिमुकलं भिंग लावून त्या ओणव्या झाल्या की माझी मैत्रीणही शेजारी ओणवी. पहिल्याच रविवारी मी मखमली लाल जीव दाखवून म्हणाले, "हा मृगाचा किडा." बाई म्हणाल्या, "पाय बघा, आठ आहेत. हा किडा नाही, कोळ्याचा भाऊबंद." मैत्रीण अशी हरखली, जणू ते पाय बाईंनीच बसवले होते. तेव्हापासून काहीही दिसलं की, "बाई, हे काय हो?" मी शेजारी उभी असताना! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाई खडूस असत्या तर सोपं गेलं असतं. पण त्या पाण्याची बाटलीसुद्धा आधी माझ्यापुढं करायच्या.

मागच्या रविवारी मैत्रीण पुढं झाली आणि बाभळीपाशी डावीकडं वळली. तिनं बाईंना सरळ माझ्या वारुळावर नेऊन उभं केलं.

"काहून दाखवलीस?" मी तिला बाजूला ओढलं.

"अगं, बाईंला अभ्यासाला पाहिजे व्हत्या. त्या कुठं खाऊन राहिल्या?"

मी सात्या उपटायला बसले. लांब मुळी खाली वारुळात गेलेली, नेहमीसारखीच. बाईंनी फोटो काढले, एक अळंबी कागदात गुंडाळून घेतली. "घरी नीट बघते, मग कळवते. तोवर खाऊ नका," म्हणाल्या.

मी घरी येऊन लगेच भाजी टाकली. कांदा, लसूण, वरून काळा मसाला. दरसालसारखी मैत्रीण जेवायला आली. मी दोन ताटं वाढली आणि खायला लागले. ती भाकरीचा तुकडा मोडून मोबाईलकडं बघत राहिली.

"खा की. दरसाल खातीस."

"व्हय गं, खाते. जरा थांब."

तिची भाजी निवली. मग मोबाईल वाजला आणि तिचं तोंड उजळलं. "सात्याच हायेत! बाई म्हणल्या, बिनधास्त खा."

तिनं मोठा घास घेतला, बोटं चाटली. "तुझ्या हाताला काय चव हाय गं!"

मी तिला आणखी वाढली. तिच्या डोळ्यांदेखत अख्खं ताट संपवून मी धडधाकट बसले होते. तेवढं तिला पुरलं नव्हतं.