अर्ध्यावर सुटलेली जाळी

ईश्वरदास हेडाऊ घरातून गेला तेव्हा त्याची बहीण पुष्पलता चोवीस वर्षांची होती. तो वीसचा. साल सहासष्ट. नागपुरात टिमकीला त्यांचं घर, वडील रामाजी करवतकाठी लुगडी विणायचे. ईश्वरलाही मागावर बसवलं होतं; पण त्याचं मन लाकडात. प्लायवूडवर पेन्सिलीनं वेली, पोपट, मोर काढायचे आणि ते कोरून जाळी करायची, हा त्याचा नाद. दुपारी चारला माग सोडून तो कुठंतरी जायचा आणि अंधार पडायच्या आत कापलेला तुकडा घेऊन परतायचा. विचारलं तर म्हणायचा, "माझी करवत हाय. दोस्ताकडं ठेवली."

त्या दिवशी तो मोठी फळी घेऊन आला. देवघराच्या मागं लावायची जाळी होती ती. समोरासमोर दोन पोपट. डावा पुरा कापलेला, उजवा मानेपर्यंत; पुढं नुसती पेन्सिलीची रेघ. फळी मागाला टेकवून ठेवली, पाणी प्यायला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. तो पुन्हा आला नाही.

भांडण नाही, चिठ्ठी नाही. रामाजींनी नातेवाईक पालथे घातले, पोलिसांत नाव दिलं. शहरातल्या कुठल्याही तलावात प्रेत निघालं असं कानावर आलं, की ते माग तसाच टाकून पळायचे. वर्षभर हे चाललं. शेवटी एकदा तुळजाबाईनं, म्हणजे ईश्वरच्या आईनं, त्यांना दारातच अडवलं.

"बसा गा घरी. त्याची करवत मिळाली का तुमाले? सगळ्या दोस्तांकडं पाहिलं ना? मंग तो ती घेऊन गेला. मरायले जाणारा मानूस करवत कायले नेईन?"

रामाजी बसले. त्या एका वाक्यावर ते घर पुढं तेरा वर्षं उभं राहिलं. त्र्याहत्तरला रामाजी वारले, तेही हेच म्हणत, की पोरगा कुठंतरी नक्षीकाम करून पोट भरत असेल.

पुष्पलताबाई आणि मी एकाच शाळेत शिकवायचो, म्हणून हे मला ठाऊक. तिनं लग्न केलं नाही. ऐंशी साली माग विकून मायलेकी नंदनवनच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. सामान बांधताना ती फळी बाहेर निघाली. उजव्या पोपटाची रेघ पार पुसट झाली होती. आणखी दोन पावसाळे गेले असते, तर पोपट कुठून वळतो हेही कळलं नसतं. पुष्पलतानं ठरवलं, हे काम आपण शिकायचं. आधी फालतू तुकड्यांवर हात बसवायचा, मग ही जाळी.

फळी जुन्या चादरीत गुंडाळून ती रिक्षानं इतवारीत लोहाओळीला गेली. तिथं मधुकरराव नावाच्या म्हाताऱ्याचं हत्यारांचं दुकान होतं. बाईमाणूस करवत मागतं म्हणून ते आधी हसले, पण मग नीट दाखवू लागले. एक हातकरवत होती. धनुष्यासारखी लोखंडी चौकट आणि तिच्यात दोऱ्याएवढं बारीक पातं. दुसरी विजेवरची, नवीकोरी.

"हे विजेचं मशीन झटपट कापते," मधुकरराव म्हणाले, "पण नवशिक्याचा हात चुकला तर पोपटाची चोचच उडवते. तुम्ही हातकरवत घ्या, ताई. काय कापायचं हाय?"

तिनं चादर सोडली. मधुकररावांनी चष्मा वर केला, फळी उजेडात धरली आणि कापाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"कोनं कापलं?"

"भावानं. हातकरवतीनं."

"नाही."

"नाही काहून?"

"हे पहा." त्यांनी फूटपट्टी लावली. "हातकरवतीची चौकट फार तर फूटभर आत जाते. ही भोकं काठापासून दीड फुटावर हायेत. आन् कड पहा, कशी उभी सरळ. हातानं एवढी सरळ येतच नाही. हे पायमशीनचं काम. पायानं हाणायचं, शिवणयंत्रावानी."

"त्याच्यापाशी मशीन नव्हती."

"मंग धंतोलीत गेला असन. अख्ख्या नागपुरात एवढं मोठं पायमशीन मी एकाच मानसाकडं पाहिलं. वामनराव. रेल्वेत नकाशे काढत. पाती माझ्याकडूनच नेत. ते गेले आता. बाई मशीन विकून राहिल्या म्हणे."

पुष्पलता तशीच धंतोलीला गेली. वामनरावांच्या पत्नी इंदुताईंनी दार उघडलं. फळी पाहिल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला.

"अगं बाई, हे तर ईश्वरचे पोपट! तू त्याची कोण? कुठे असतो तो आता?"

चौदा वर्षांत हा प्रश्न इतक्या सहज कुणी विचारला नव्हता. तो बेपत्ता असल्याचं पुष्पलतानं सांगितलं, तेव्हा इंदुताईंनी तिला हाताला धरून आत नेलं.

मग त्याही सांगू लागल्या. दोन वर्षं तो रोज चारला यायचा. वामनरावांना मूलबाळ नव्हतं, त्यांचा त्याच्यावर जीव जडला होता. शेवटच्या दिवशी उजव्या पोपटाची मान कापताना पातं तुटलं. घरात दुसरं नव्हतं. ईश्वर म्हणाला, "फळी घरी दाखवतो, काका. उद्या येतो." वामनराव त्याच संध्याकाळी लोहाओळीत जाऊन डझनभर पाती घेऊन आले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

"आम्हांला वाटलं, घरून बंदी झाली. इथं येतो हे घरी माहीत नाही, असं तो म्हणायचा, म्हणून आम्हीही शोधायला आलो नाही. यायला हवं होतं."

"त्याची स्वतःची करवत होती ना?" पुष्पलतानं विचारलं.

"छे गं. त्याच्याकडे कुठली? नुसता यायचा, हात हलवत."

मागच्या पडवीत मशीन होतं. काळं, जड, लांब हाताचं. पुष्पलतानं स्टुलावर बसून पायटा दाबला. पातं खालीवर होऊ लागलं. पाय उचलला, थांबलं. विजेची कटकट नव्हती, हात चुकला तर तिथल्या तिथं थांबवता येत होतं. घेण्याजोगीच वस्तू होती ती. पण तिनं ती घेतली ती पायट्याकडे पाहून. टाचेच्या जागी लाकूड झिजून खड्डा पडला होता, आणि तिची टाच त्यात नेमकी बसली. वामनरावांनी त्या संध्याकाळी आणलेल्या पात्यांची पुडीही इंदुताईंनी दिली. दोरा अजून सोडलेला नव्हता. पुढं कधी पातं तुटलं, की पुष्पलता कितीही थकलेली असो, लगेच दुसरं लावायची. "उद्या" हा शब्द ती त्या मशीनजवळ बोलली नाही.

घरी तुळजाबाईला मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं. तिनं मशीन चाचपलं.

"काय आनलं वं हे, पुष्पे?"

पुष्पलतानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मला म्हणाली, "लपवता आलं असतं. पण मग हे ठाऊक असलेली मी एकटीच राहिले असते."

तुळजाबाई म्हणाली, "म्हंजे रिकाम्या हातानं गेला."

दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मशीनचा आवाज ऐकून भिंतीला धरत आली आणि फळीवर हात ठेवला.

"तो उद्या येतो म्हनला ना? तुले कोनं सांगितलं कापायले? तो येऊन कापीन. तू दुसरं काय पायजे ते काप."

पुष्पलतानं फळी बाजूला ठेवली. पुढं चार वर्षं तिनं शेजाऱ्यांसाठी झरोके कापले, शाळेतल्या मुलांसाठी हत्ती-उंट कापले. चार वाजता तुळजाबाई मशीनजवळ येऊन बसायची. एखाद्या दिवशी नुसत्या आवाजाकडे तोंड करून म्हणायची, "दमला असशीन, च्या घे गा." पुष्पलता आधी म्हणायची, "आई, मी हाय." नंतर म्हणेनाशी झाली. पायटा हाणत राहायची आणि चहा घ्यायची.

चौऱ्याऐंशीत तुळजाबाई गेली. दिवाळीच्या सुट्टीत पुष्पलतानं फळी मशीनवर घेतली. रेघ जवळजवळ दिसत नव्हती, अंदाजानं कापलं. उजवा पोपट मानेपर्यंत एका हाताचा, पुढं दुसऱ्या हाताचा. तिची कड जराशी थरथरलेली.

मी पाहायला गेलो तेव्हा जाळी खिडकीत लावली होती. मी चांगली झाली म्हणालो.

"वाटलं होतं, ही पुरी झाली की ईश्वर या घरातून जाईल, कायमचा," ती म्हणाली. "काम संपवलं, भुसा झाडला, बसून राहिले. नाही गेला."

मग ती उठली आणि तीन कप चहाचं आधण ठेवलं. आम्ही दोघंच होतो. तिसरा कप तिनं मशीनजवळ ठेवला.