ज्वालामुखीला शाल

आधी तो चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडेल. गाढवपणा मी जन्मभर करत आलोय, पण भरल्या हॉलात, माइकसमोर? तो एकदाच!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा. संध्याकाळी फुलं भरायची घाई, बाहेर पंपाची धडधड आणि त्यात ठाण्याहून विलासचा फोन. विलास म्हणजे शाळेत माझ्या बाकावर बसणारा. हल्ली काय धंदा करतो, मला पत्ता नव्हता. तिथंच सगळी माती झाली!

"बाळ्या, रियुनियनचं जमवतोय! येतोस का जोडीनं?"

आता मला सांगा, रियुनियन म्हटल्यावर तुम्हाला काय वाटेल? शाळेची जुनी पोरं, गळाभेट, फोटो! तेव्हा जो तो हेच करत होता.

"येतो म्हणजे काय! पळत येतो!"

"मग माणसं जमव. रविवारी मी नाशकात येऊन सगळं सांगतो. अरे, तिथं मुख्य बघायचं म्हणजे ज्वालामुखी!"

ज्वालामुखी म्हणजे आमचे गणिताचे खैरनार सर! नाव आम्हीच ठेवलेलं. चिडले की आधी कान लाल व्हायचे, मग नाक, मग खडूंचा वर्षाव.

"अजून जिवंत आहे?" मी हळूच विचारलं.

"जिवंत म्हणजे! मधूनमधून भडकतो की. लोक मुद्दाम बघायला जातात."

"जवळ गेलेलं चालतं?"

"शांत असला तर. पण सोबत माहितगार पाहिजे."

"बायको असेलच की सोबत!"

"हो हो, वहिनींना आणच! आजूबाजूला गर्द झाडी, धबधबे, नुसतं बघत राहावं!"

मी म्हटलं, वा! सरांनी रिटायर होऊन हरसूलकडं डोंगरात घर बांधलेलं दिसतंय. दुसऱ्या दिवशी हरसूलचा अख्खा बाजार पालथा घातला. खैरनार सर तिथं कुणालाच ठाऊक नाहीत! शेवटी कळलं, सर तर देवळाली कॅम्पातच राहतात.

माझी बायको मंदा सरांच्या अंगणात उभी राहून इकडंतिकडं बघायला लागली. "अहो, धबधबा कुठं हाय? हितं तर नळालाबी पाणी नाय."

मी तिला गप्प केलं. सरांना म्हटलं, "सर, विलास म्हणतो, लोक मुद्दाम तुम्हाला बघायला येतात."

"मला? कशाला?" सर गोंधळले. पण खूश झाले.

रविवारी हॉल भरला. वर्गातली सगळी पोरं, त्यांच्या बायका, पहिल्या रांगेत सर आणि त्यांच्या घरच्या बाई. विलास आला तो पांढरा पडदा घेऊन. मला वाटलं, जुने फोटो दाखवणार.

"एवढी माणसं जमवलीस? शाबास!" असं म्हणत त्यानं माइक धरला. "मंडळी, रियुनियनला का जायचं? पहिलं कारण, तिथला ज्वालामुखी!"

मी टाळ्या वाजवत उठलो आणि सरांच्या खांद्यावर शाल घातली!

मागे पडद्यावर एक डोंगर लालभडक आग ओकत होता.

विलास माझ्याकडं बघतोय, मी डोंगराकडं, सर शालीकडं.

"बाळासाहेब," सर म्हणाले, "हा डोंगर कुठला?"

"रियुनियन बेटावरचा, सर," विलास म्हणाला. "मॉरिशसच्या शेजारी. मी तिथं सहल नेतोय."

"बरं. मग शाल मला का?"

मी शालीची टोकं सारखी करायला लागलो. मागून कुणीतरी पुटपुटलं, "सर, शाळेत तुम्हाला... ज्वालामुखी म्हणायचे."

सरांचे कान लाल झाले. मग नाक. मी तर खाली वाकून खुर्चीमागं आडोसा शोधायला लागलो! तेवढ्यात बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अहो, मी इतकी वर्षं मनातल्या मनात हेच म्हणतेय!"

मग सरही हसले. हॉल कोसळायचाच बाकी होता. "विलास," ते म्हणाले, "आमची दोन नावं घे. हा माझा भाऊबंद एकदा बघायलाच पाहिजे."

झालं! सर निघाले म्हटल्यावर सगळा वर्ग निघाला. मंदानंही माझ्याकडं न बघताच मैत्रिणींबरोबर आपलं नाव दिलं. मी बोट वर करणार, तेवढ्यात बाई माझ्याजवळ आल्या. "बाळासाहेब, तुम्ही भले माणूस. आम्ही गेल्यावर घराकडं बघाल ना?"

त्या दिवशी मला कशालाही नाही म्हणायचं तोंड होतं का?

तर मंडळी, माझा अख्खा वर्ग बेटावर धबधबे बघत होता, आणि मी देवळाली कॅम्पात सरांच्या मांजरीला दूध पाजत होतो. तीही माझ्यावर भडकून होती!